मजकूर शब्दशः जुळतो

मंगळवार, ११ जून

भाचीबाई,

रविवार, नऊ जून, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या उदारपणाचं पहिलं फळ पदरात पडलं. मुक्त शिक्षण केंद्राच्या आरोग्य-सहायक परीक्षेत एका बाईला पेपर लिहिता लिहिता उठवण्यात आलं. तिच्या उत्तरपत्रिकेत माझी वाक्यं निघाली. माझ्यासारखी नव्हेत, माझीच.

प्रश्न होता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून काय कराल. पुस्तकात याचं उत्तर सहा मुद्द्यांत आहे, आणि ते वाचून कोणाही शहाण्या माणसाला झोप येते. या बाईने सुरुवात केली ती अशी: ‘रुग्ण झोपला आहे ही सबब नाही. जखम झोपत नाही. दर दोन तासांनी कूस बदला.’ हे मी नर्सिंग शाळेत एकतीस वर्षं म्हणत आले. आधी फळ्यासमोर, मग वॉर्डात, आणि शेवटी शेवटी तर चहा पिताना सुद्धा. जगातल्या कुठल्याही छापील पुस्तकात ते नाही. ते फक्त माझ्या वह्यांत आहे, आणि माझ्या वह्या तुझ्याकडे आहेत.

मला हे कसं कळलं म्हणशील, तर मी त्या दिवशी तिथेच होते. केंद्राला पर्यवेक्षक कमी पडले म्हणून त्यांनी आम्हा निवृत्तांना हाक मारली होती. पर्यवेक्षकाने नियमाप्रमाणे अहवाल दिला. आता चौकशी होईल आणि बाईला तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. या सगळ्याचा उगम तुझ्या त्या टंकलेखनात आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

आठवण करून देते. गेल्या वर्षी तू आलीस आणि म्हणालीस, ‘आंटी, या वह्यांना वाळवी लागेल, मला दे, मी टाइप करते.’ मी सत्तावीस वह्या दिल्या. तू त्या टाइप केल्यास, वर स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रित केल्यास, आणि मला न विचारता तुमच्या त्या खुल्या शिक्षणवाल्यांच्या संकेतस्थळावर ठेवून दिल्यास. कोणीही यावं, ऐकावं, उतरवून घ्यावं. ना प्रवेश, ना परीक्षा, ना हजेरी. माझ्या मुली गुण मिळवून, वसतिगृहातल्या गार पाण्याने अंघोळ करून आणि माझी बोलणी खाऊन त्या नोट्सपर्यंत पोचायच्या. ज्ञान म्हणजे रस्त्यावरचा नळ नाही, की आली बादली आणि लावली खाली.

जानेवारीत मी तुमच्या संस्थेकडे तक्रार केली, तेव्हा सगळं काढून टाकल्याचं तुझ्या साहेबांनी लेखी कळवलं. मग जूनमध्ये हा मजकूर त्या बाईकडे आला कुठून? एक तर तुम्ही काढला नाहीत, किंवा तू चोरून वाटलास. यातलं खरं काय ते कळव.

तुझ्या आईला यात ओढू नकोस. तिचा रक्तदाब वाढतो, मग ती फोन करून माझा वाढवते.

– आंटी


गुरुवार, २० जून

ठके,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी लिहितेस आणि मोजून दीड ओळ. ‘जानेवारीतच काढलं. त्या बाई कोण, आणि त्यांना उठवलं कोणी?’

मी चार दिवस कार्ड टेबलावर ठेवलं होतं. चष्म्याच्या घराखाली ठेवलं, म्हणजे दिसायला नको. मग चष्मा लागला की दिसायचंच.

उठवलं मी.

अहवाल देणारी पर्यवेक्षक मीच. मागच्या पत्रात तसं लिहिलं नव्हतं. व्याकरणाच्या आडोशाला उभं राहायला मला नन्सनी शिकवलं आहे. काच फोडली की आम्ही म्हणायचो, काच फुटली.

कसं घडलं ते सांगते. परीक्षा प्राथमिक शाळेत होती. फळ्यावर सुट्टीआधीचे अपूर्णांक अर्धवट पुसलेले, भिंतीवर अक्षरांचे तक्ते, आणि बाकं आठ वर्षांच्या मुलांची. त्यावर चाळिशी-पन्नाशीतल्या बायका आणि चार-सहा पुरुष, गुडघे बाकाला टेकलेले, अंग चोरून बसलेले. माझी जुनी खोड तुला माहीत आहे. मी रांगांमधून फिरताना खांद्यावरून वाचते. तिसऱ्या रांगेत वाचलं आणि थांबले.

मी म्हणाले, “चिठ्ठी काढा.”

“चिठ्ठी नाही, मॅडम.”

“मग हे कुठून आलं?”

“पाठ आहे.”

“हे पुस्तकात नाही. हे माझं वाक्य आहे.”

“हो ना. तुमचंच आहे,” असं म्हणून ती हसली. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तशी. मला तो उद्धटपणा वाटला.

मी तिला उभं केलं. झडती घेतली. बायकांची झडती बाईने घ्यावी असा नियम आहे, तेव्हा नियम माझ्या बाजूने होता. बाह्यांत बोटं घातली. केसांतले आकडे काढायला लावले. चपला उलट्या करून झटकल्या. चाळीस माणसं माना खाली घालून लिहीत होती, पण पेनं थांबलेली होती. काही सापडलं नाही. एक रुमाल निघाला, तो मी उलगडून उजेडाला धरला.

ती केस एका हाताने धरून म्हणाली, “मॅडम, वेळ जातोय. पुढचे दोन प्रश्न पण येतात मला.”

मी म्हणाले, “येत असतील. तेही माझेच असतील.”

केंद्रप्रमुख जुने मुख्याध्यापक आहेत, स्वभावाने मऊ. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, हाती तर काहीच लागलं नाही. लिहू द्या की तिला.”

“साहेब, मी माझी वाक्यं ओळखत नाही का?”

ते गप्प बसले. माझ्यापुढे लोक गप्प बसतात, याचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आला आहे. अहवालात मी लिहिलं: ‘मजकूर शब्दशः जुळतो. स्रोत अज्ञात. वेळ ११.४०.’ खाली सही केली, त्याखाली निवृत्त सिस्टर ट्यूटर असं लिहिलं. हुद्दा कोणी मागितला नव्हता.

तुझा पहिला प्रश्न, त्या बाई कोण. केंद्रप्रमुखांनीही विचारलं होतं, ओळखता का. मी नाही म्हणाले.

ओळखत होते. ती आमच्या रुग्णालयातली आया. नर्सिंग शाळेचा मजला पुसायला तीच असायची, बारा-तेरा वर्षं तरी. माझ्या तासाला वर्गाबाहेर तिचा फडका फिरत असायचा. एकदा दार उघडं होतं, मी मूत्रपिंडावर बोलत होते, आणि पाहते तर बाई फडका पिळायचं विसरून उभी. मुलींना मी म्हणाले, “हिला हजेरीपटावर घ्या. नाव लिहा, कॉरिडॉर.” मुली हसल्या. तेव्हापासून ती कॉरिडॉर झाली. डॉक्टर सुद्धा म्हणायचे, कॉरिडॉरला बोलवा, रक्त सांडलंय.

अजून एक आहे. एका दुपारी ती तास संपल्यावर आली. म्हणाली, “मॅडम, माझं काम दोनपर्यंत उरकतं. शेवटच्या बाकावर बसले तर चालेल का? बोलणार नाही काही.” मुली वह्या आवरत होत्या. मी म्हणाले, “बस की. मग या मुलींना बादल्या देऊ.”

तिने पुन्हा विचारलं नाही. मी ते घरी येऊन तुझ्या आईला विनोद म्हणून सांगितलं होतं. ती हसली नव्हती. म्हणाली, “ताई, तुझी जीभ एकदा तपासून घे.” मला वाटलं हिला विनोद कळत नाही.

वॉर्डात आयांना सगळे मावशी म्हणतात. म्हणूनच तुला बोलता यायला लागल्यापासून मी मला आंटी म्हणायला लावलं. तुझ्या आईला वाटतं ते कॉन्व्हेंटचं खूळ. तिला तसंच वाटू दे.

तरी माझा प्रश्न शिल्लक आहे. जानेवारीत काढलंत, तर तिच्याकडे कुठून आलं?

– आंटी


शनिवार, २९ जून

ठके,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी ते स्वतः शोधून काढलं. त्याआधी एक ऐक.

चौकशी समितीने तक्रारदार म्हणून मला तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत पाठवली. मी लाल पेन घेऊन बसले. पेन घेतल्याशिवाय मला वाचता येत नाही. पहिल्या तीन ओळी माझ्या, त्या मी रविवारी वाचल्याच होत्या. पुढे ती लिहिते, ‘शरीरावर दाबाच्या अकरा जागा असतात.’ हेही माझंच. त्याखाली यादी.

वह्या तुझ्याकडे असल्या तरी यादी मला पाठ आहे. डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपरं, पाठीचा कणा, माकडहाड, कमरेची हाडं, बसायची हाडं, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे, टाचा. मी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं, या वेळी कागदावर. दहा.

एकतीस वर्षं मी फळ्यावर अकरा असं लिहून दहा सांगितल्या. वर्षाला पन्नास मुली. सगळ्यांनी अकरा म्हणून दहा लिहिल्या, आणि मी सगळ्यांना बरोबरची खूण केली. एकीनेही मोजल्या नाहीत. मोजल्या असतील तर माझ्यासमोर तोंड उघडायची छाती झाली नसेल. मी फार शिस्तीची म्हणून प्रसिद्ध होते ना.

तिच्या यादीत अकरा आहेत. अकरावी अशी: ‘कानामागे. प्राणवायूच्या नळीचा पट्टा बसतो तिथे. हे धड्यात सांगितलं नाही, पण वॉर्डात रोज दिसतं. पट्ट्याखाली कापूस ठेवावा.’

लाल पेनाचं टोपण लावून टाकलं.

त्या ओळीखाली ती पुढच्या परिच्छेदाला लागली होती आणि तिथे पेनाची रेघ ओढली गेली आहे. म्हणजे मी तिच्या खांद्यामागे उभी राहिले तेव्हा ही ओळ लिहून झालेली होती, माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तीन ओळींत माझी वाक्यं सापडल्यावर थांबले. कॉपी करणारा माणूस चूक सुद्धा कॉपी करतो, हे मी मुलींना दरवर्षी ऐकवायचे. त्या हिशेबाने माझ्या सगळ्या मुलींनी कॉपी केली, आणि हिने एकटीने केली नाही.

काल रुग्णालयात गेले. दोन वर्षांनी गेले. चौथ्या मजल्यावर चादरींच्या खोलीत ती धुऊन आलेल्या चादरी मोजत होती. मला पाहून उभी राहिली, स्टूल पुसलं, म्हणाली, “बसा मॅडम. इथे फॅन नाही.”

मी म्हणाले, “तुम्ही ते पाठ कुठून केलंत?” ‘तुम्ही’ म्हणताना जीभ अडखळली. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने चादरीकडे पाहिलं.

“त्या ताई वाचतात ना, फोनवर. फार छान वाचतात, सावकाश. मी एका कानात लावायचे आणि काम करायचे. दुसरा कान पेशंटला.”

“ते तर जानेवारीत बंद झालं.”

“हो. एके दिवशी लावलं तर काही येईचना. वाटलं फोन बिघडला. दुकानात दाखवला. तो म्हणाला, फोन चांगलाय, तिकडूनच काढलंय त्यांनी. मग पाठ होतं तेवढं म्हणत राहिले. जिने पुसताना एकेका पायरीला एकेक ओळ. मूत्रपिंडाचं मात्र अर्धंच राहिलं.”

“का काढलं, कोणाला विचारलं नाहीत?”

“कोणाला विचारणार, मॅडम? फुकटचं होतं. फुकटचं गेलं तर तक्रार कुठे करायची असते?”

तिने हे खवचटपणे म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती. माझ्याकडे माहिती असेल म्हणून.

मी म्हणाले, “जागा दहाच होत्या. लक्षात आलं तुमच्या?”

“हो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच. वाटलं त्या ताईंकडून वाचताना एक सुटली असेल. मग म्हटलं, आपल्याला कुठली दिसते ती घालू.”

“माझी चूक असेल असं वाटलं नाही?”

“छे, तुमची कशी असेल.”

ठके, मी खाली येऊन रुग्णालयाच्या बागेतल्या बाकावर बराच वेळ बसले. एक शिकाऊ मुलगी येऊन विचारून गेली, आजी, चक्कर येतेय का. मी तिला तिच्या टोपीची पिन तिरकी आहे असं सांगितलं.

आता कामाचं. समितीची सुनावणी बुधवारी, दहा जुलैला आहे. शिक्षा झाली तर तीन वर्षं बंदी. ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आरोग्य-सहायकाच्या जागेसाठी वयाची अट पन्नास. ती म्हणाली, “तीन वर्षांनी परत देईन मॅडम, पण मग वय बसत नाही. असू दे, आलंय ते आहेच ना डोक्यात.” तीस वर्षं तिने त्या रुग्णालयात माणसांच्या कुशी बदलल्या आहेत आणि हुद्दा बादलीचा.

उत्तरपत्रिका वाचली त्याच दिवशी मी तक्रार मागे घेते असं समितीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: मजकूर जुळतो ही वस्तुस्थिती आहे, पर्यवेक्षकाला ती मागे घेता येत नाही. हा मजकूर परीक्षेपूर्वी सर्वांना खुला होता, याचा पुरावा उमेदवाराने द्यावा. खुल्या मजकुरातून पाठ करणं हा अभ्यास, खाजगी मजकुरातून आणणं ही कॉपी. नियम शहाणा आहे. पण पुरावा कुठे आहे? संकेतस्थळावर ते पान नाही. ते मीच काढायला लावलं. तिच्या फोनमध्ये काही उरलेलं नाही. कुठल्या तारखेला ठेवलं, कुठल्या तारखेला काढलं, याची नोंद फक्त तुझ्याकडे असेल.

तेव्हा ती नोंद पाठव. एवढंच काम आहे.

काढायला लावणारी मी, हे तिला सांगितलं नाही. सुनावणीशी त्याचा संबंध नाही.

– आंटी


बुधवार, ३ जुलै

ठके,

तुझं पत्र काल आलं. या वेळी चार ओळी. ‘देते लिहून. पण तारखा लिहिल्या की समिती विचारणार, का काढलं. मग मला खरं लिहावं लागेल. तुझ्या तक्रारीत काय होतं ते त्यांना माहीत आहे का? तू सांगशील, की मी सांगू?’

मला वाटलं होतं, तू रागावली आहेस म्हणून उत्तर देत नाहीस. तू मला झाकत होतीस हे डोक्यात आलं नाही. तुझ्या आईवर गेली आहेस.

मी सांगते, म्हणजे तुझ्या पत्रात आणि माझ्यात तफावत नको.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, मला न विचारता. जानेवारीच्या तक्रारीतही तेच लिहिलं, आणि तुझ्या आईलाही तेच सांगितलं. पण तू विचारलं होतंस. माझ्या जेवणाच्या टेबलावर संमतीपत्र ठेवलंस, वाचून दाखवलंस: कोणालाही वाचता, ऐकता, वापरता येईल, मोबदला नाही, लेखिकेचं नाव राहील. मी दोन ठिकाणी तुझं शुद्धलेखन सुधारलं आणि सही केली. नंतर मी म्हणत आले, तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्मा होता. नाही तर शुद्धलेखन कशाने सुधारलं असतं.

मग जानेवारीत काय झालं, ते तुला कधी सांगितलं नाही. सगळ्या जुन्या ट्यूटर मंडळींचं जेवण होतं. तोवर मी मिरवत होते, माझ्या वह्या आता जगभर ऐकल्या जातात. आमच्या जुन्या प्रिन्सिपॉल सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अहो, तुमचे धडे आता झाडूवाल्याही ऐकतात म्हणे. परवा लिफ्टमध्ये एक आया पुटपुटत होती, जखम झोपत नाही. म्हटलं, झालं, ट्यूटरबाई खालपर्यंत पोचल्या.” सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आले आणि तुमच्या संस्थेला पत्र लिहायला बसले.

एवढंच. कुठलंही तत्त्व नव्हतं. नळ आणि बादली वगैरे सगळं नंतर सुचलं. मला फक्त लाज वाटली, की माझं बोलणं चुकीच्या तोंडात गेलं.

त्या पत्राने तुला त्या कामावरून काढलं. मला ते तुझ्या आईकडून फेब्रुवारीत कळलं होतं. मी तुला फोन केला नाही. मनात म्हणाले, जरा जमिनीवर येईल. तू पस्तीस वर्षांची, सगळं आयुष्य जमिनीवरच काम करते आहेस. वर कोण बसलं होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट लिहिते. ती समितीसाठी नाही, तुझ्यासाठी. तुझी आजी कॉन्व्हेंटमध्ये मेट्रन होती असं तुम्हाला सांगत आले. ती तिथे कपडे धुवायची. मी सहा वर्षांची असताना तिच्याबरोबर जायचे आणि तिसरीच्या वर्गाच्या खिडकीखाली बसायचे. एके दिवशी मदर सुपीरियरने मला कानाला धरून आत नेलं. मला वाटलं, मार बसणार. तिने मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि शिकवणाऱ्या सिस्टरला म्हणाली, “ही इथे बसेल.” पटावर माझं नाव दोन वर्षं नव्हतं. कोणीही बादलीचा विनोद केला नाही. तुझ्या आईचा जन्म नंतरचा, तोवर आजी शिवणकामाला लागली होती. म्हणून तिलाही ठाऊक नाही. मी कोणाला सांगितलं नाही, कारण मी गुणांवर पुढे आले असं मला वाटायचं. पुढे गुणांवरच गेले. आत मात्र गुणांवर गेले नव्हते.

काल संध्याकाळी पुन्हा चादरींच्या खोलीत गेले आणि त्या बाईंना सांगितलं. तक्रार मी केली, वह्या मी काढायला लावल्या, त्या ताई माझी भाची, आणि सही माझीच होती. सगळं एका दमात, उभ्यानेच. त्यांनी हातातली चादर घडी केली, घडीवर घडी घातली, चादर इतकी लहान झाली की पुन्हा उलगडावी लागली. मला वाटलं, आता रडतील किंवा बोलतील. मी दोन्हीची तयारी करून गेले होते.

त्या म्हणाल्या, “म्हणजे मूत्रपिंडाचं राहिलेलं अर्धं तुमच्याकडे आहे.”

“आहे. पाठ आहे. आत्ता सांगू का?”

“आत्ता नको. चादरी मोजायच्यात अजून.” मग दाराशी आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, त्या दिवशी माझे केसांतले आकडे तुम्ही बाकावर ठेवलेत. परत द्यायचे राहिले.”

क्षमेविषयी त्या बोलल्या नाहीत आणि मी विषय काढला नाही. मागितली असती, तर त्यांना द्यावी लागली असती. मी मॅडम आहे ना.

आता नीट वाच. हा भाग पेन हातात घेऊन वाच.

समितीच्या नावे एक पत्र लिही. वह्या कधी खुल्या केल्या ती तारीख लिही, कधी काढल्या ती लिही. मधल्या काळात किती जणांनी ऐकल्या त्याची नोंद असेल तर जोड. माझ्या संमतीपत्राची प्रत जोड, माझ्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांसकट. का काढल्या या प्रश्नावर लिही, लेखिकेने खोटी तक्रार केली म्हणून. ‘गैरसमजातून’ लिहू नकोस, ‘वयोमानानुसार’ तर मुळीच लिहू नकोस. खोटी हा शब्द मी माझ्या पत्रातही वापरला आहे. ते आज सकाळीच मी केंद्रप्रमुखांच्या हाती दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पोच लिहून दिली. दुसरी प्रत तुझ्या साहेबांना पाठवली आहे. त्यात लिहिलं आहे की तुला त्या कामावर परत घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य त्यांना पत्राने कळवावं लागतं याचं मला आश्चर्य वाटतं.

ऑगस्टमध्ये नर्सिंग शाळा माझा सत्कार करणार होती. हे सगळं बाहेर आल्यावर करणार नाही. त्या प्रिन्सिपॉलबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, “एका आयेसाठी एवढं?” मी फोन ठेवून दिला. चांगलं उत्तर सुचलं नाही, आणि आयुष्यात प्रथमच त्याचं वाईट वाटलं नाही.

साहेबांनी ऐकलं, तर वह्या जिथे होत्या तिथे पुन्हा ठेव. दाबाच्या जागांची यादी त्या बाईंना विचारून, त्यांच्या नावाने दुरुस्त कर. त्या नको म्हणाल्या तर दहा लिही, आणि खाली टीप दे की मूळ ट्यूटरला मोजता येत नव्हतं.

सुनावणी बुधवारी असली, तरी कागदपत्रं समितीकडे सोमवारी, आठ जुलैला, दुपारी बारापर्यंत पोचावी लागतात. म्हणजे तुझं पत्र सोमवारी सकाळी दहाच्या आत माझ्या हाती हवं. तू स्वतः आणून दिलंस तरी चालेल, पण दारातून दे. आत आलीस तर आपण दोघी बोलत बसू आणि मी स्वतःची बाजू मांडायला लागेन. फोन करू नकोस. फोनवर माझा आवाज कापतो, आणि तो ऐकून तू मऊ पडशील. मला लेखी उत्तर हवं, तुझ्या सहीचं, तारीख आणि वेळ घातलेलं. त्यात माझ्या बाजूने एक शब्द आढळला, तर मी तो लाल पेनाने खोडीन, कागद तुला परत पाठवीन, आणि तू तो नव्याने लिहून दहाच्या आत पुन्हा आणून द्यायचा आहेस.

– आंटी